पान अकरा

रायपूर
१२ जून २०१७

आदरणीय विमलाताई,
सप्रेम जय भीम.

फोन केला होता. शेखरदादांनी उचलला. आईला फोनवर आता ऐकू येत नाही, पत्र लिहा, म्हणाले. म्हणून लिहिते आहे.

काम आहे. सरकारी दवाखान्यात सिकलसेलच्या समुपदेशकांच्या सहा जागा निघाल्या आहेत. पदवी मागितली आहे. पदवी नसेल तर अनुभवाची परीक्षा देता येते. ज्यांनी काम करता करता शिकून घेतलं, त्यांची वेगळी परीक्षा आणि वेगळं प्रमाणपत्र. साक्षीने जाहिरात मोबाइलवर दाखवली. मी तिला ती दोनदा वाचायला लावली. 'मम्मी, ये तो आपके ही लिए निकला है,' म्हणाली.

अट दोन गोष्टींची आहे. नेमणुकीच्या दिवशी वय पंचेचाळीसच्या आत हवं. मला २३ जानेवारीला पंचेचाळीस पूर्ण होतात. आणि जिथे काम केलं त्या संस्थेचं पत्र हवं. संस्था बंद असेल तर तिच्या सचिवांचं चालतं. म्हणजे तुमचं.

संस्था बंद झाल्यापासून मी एका खासगी दवाखान्यात आया आहे. चादरी बदलते. तिथे समुपदेशनाला पदवीवाली मुलगी आहे, चांगली आहे. पण सिकलसेलचं जोडपं आलं की बाहेर येऊन हळूच म्हणते, 'दीदी, जरा समझा दो.' मग मी त्यांना पाण्याच्या टाकीजवळ घेऊन बसते. तीन वर्षं हे चालू आहे. टाकीजवळचं काम खोलीत बसून करावं, एवढंच मला हवं आहे.

मी काय काय करत होते ते पत्रात लिहा. गुडघा कसा आहे?

आपली,
माया रामटेके


नागपूर
२४ जून २०१७

चि. माया,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि संस्था चालायची ते रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातलं आपलं घर डोळ्यांपुढे उभं राहिलं. पडवीतलं तुझं टेबल, माझ्या खोलीतले फोटो, दुपारचा चहा. ते घर विकलं ते बरंच झालं असं शेखर म्हणतो. मी काही म्हणत नाही.

गुडघा नवा बसवला आहे. चालतो. कान मात्र गेले.

पत्र सोबत जोडते आहे. लिहिताना मला भरून आलं. एवढं मनापासून मी कुणाबद्दल लिहिलेलं नाही.

तुझी,
विमलाताई

(सोबत)
प्रमाणित करण्यात येते की, श्रीमती माया धर्मपाल रामटेके यांनी आमच्या संस्थेत सन २००० ते २०१४ या काळात निःस्वार्थ वृत्तीने सेवा केली. त्यांचा स्वभाव मनमिळाऊ असून वर्तन उत्तम आहे. समाजातील दुःखितांविषयी त्यांना कळवळा आहे. त्या संस्थेत नोकर म्हणून कधीच वावरल्या नाहीत, त्या मला मुलीसारख्या आहेत. त्यांच्या भावी वाटचालीस शुभेच्छा.


रायपूर
९ जुलै २०१७

आदरणीय विमलाताई,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. साक्षीने त्याचं हिंदी करून जोडलं आणि मी ते घेऊन नव्या रायपूरला गेले. परीक्षेचं केंद्र तिकडे आहे. बसमधून उतरल्यावर तीन किलोमीटर सरळ रस्ता आणि त्यावर माणूस नाही. विचारायचं कुणाला?

खिडकीतल्या बाईने पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, 'मैडम, सेवा तो ठीक है. काम क्या आता है आपको?'

मी म्हटलं, त्याचंच पत्र आहे.

ती म्हणाली, 'इसमें तो लिखा है आप अच्छी हैं.'

तिने फॉर्म फिरवून दाखवला. बावीस रकाने आहेत. बोटातून रक्त घेऊन चाचणी करता येते का. वाहक आणि रुग्ण यांतला फरक समजावता येतो का. नवरा-बायको दोघे वाहक असतील तर पुढच्या मुलाची जोखीम सांगता येते का. घरात विरोध असेल तर हाताळता येतो का. समोर हो किंवा नाही लिहायचं, आणि ते कुणी पाहिलं त्याची सही. मनमिळाऊला रकाना नाही. मुलगी असण्यालाही नाही.

ताई, राग मानू नका. कळवळा सगळ्यांना असतो. आपल्या संस्थेच्या शिपायालाही होता. मला जे येतं ते सगळ्यांना येत नाही, ते मी चौदा वर्षांत शिकले. तेवढंच लिहा. कोऱ्या रकान्यांचा कागद सोबत पाठवते.

परीक्षा १६ सप्टेंबरला आहे. पत्र निकालापर्यंत दिलं तरी चालेल म्हणाली.

आपली,
माया


नागपूर
२ ऑगस्ट २०१७

चि. माया,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातलं दुःख मला पोचलं. तू ते स्पष्ट लिहिलं नाहीस, पण पन्नास वर्षं माणसांत काढलेल्या बाईला ओळी वाचाव्या लागत नाहीत. तुझं कौतुक व्हायला हवं होतं तेव्हा आम्ही केलं नाही. संस्थेचे तीन पुरस्कार मी एकटीने घेतले. तू मागे उभी असायचीस.

ही चूक मी दुरुस्त करते आहे. रायपूरच्या आपल्या भगिनी मंडळाशी बोलणं झालं. म्हणजे शेखर बोलला. २० ऑगस्टला वर्धापनदिन आहे, त्यात तुझा सत्कार ठेवला आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. वर्तमानपत्रात फोटो येईल. मग ती खिडकीतली बाई काय म्हणते ते बघ.

रकान्यांचा कागद मिळाला. असे कागद माणसाला लहान करतात असं मला वाटतं. शिवाय 'कुणी पाहिलं' या सदरात काय लिहायचं ते कळेना. सवडीने बघते.

तुझी,
विमलाताई


रायपूर
२१ ऑगस्ट २०१७

आदरणीय विमलाताई,
सप्रेम जय भीम.

सत्कार झाला.

दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळेना म्हणून बदलीला दुसरी आया देऊन गेले. पहिल्या रांगेत बसवलं. एका बाईंनी भाषणात सांगितलं की मी अडाणी असूनही समाजासाठी झटले. दहावीला मला एकसष्ट टक्के होते, पण माइक त्यांच्याकडे होता.

मानपत्रात 'त्यागमूर्ती' लिहिलं आहे. धर्मपालने वाचून विचारलं, 'तू काय त्यागलं?' सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या शिफ्टमधून आला होता, जेवायचा होता, स्वयंपाक झाला नव्हता. मी म्हटलं, आजचा स्वयंपाक.

साक्षी म्हणाली, 'मम्मी, नारियल को फॉर्म में एनक्लोज कर दो.'

ताई, मला दुःख नव्हतं. मला पत्र हवं होतं. मी परीक्षा मागितली, तुम्ही सत्कार पाठवला. रकान्यांचा कागद अजून तुमच्याकडेच आहे.

माया


रायपूर
१८ सप्टेंबर २०१७

आदरणीय विमलाताई,
सप्रेम जय भीम.

मी नापास झाले. कसं ते सविस्तर लिहिते, कारण त्यात तुम्ही आहात.

लेखी परीक्षेत पन्नासपैकी त्रेचाळीस मिळाले. मग प्रत्यक्ष काम. केंद्रातला एक मुलगा आणि एक मुलगी नवरा-बायको होऊन बसले. दोघे वाहक, पहिलं मूल आजारी, आता दुसरं हवं आहे. दहा मिनिटांत समजावायचं. परीक्षक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, हातात टॅबलेट. एकेक गोष्ट सांगितली की तो खूण करायचा.

मी समजावायला वापरते त्या दोन कापडी पिशव्या काढल्या. तो म्हणाला, 'मैडम, बाहर का सामान अलाउड नहीं है.' मग मी टेबलावरच्या पेनांची टोपणं घेतली. दोन निळी, दोन लाल. एक निळं एक लाल नवऱ्याच्या मुठीत, तसंच बायकोच्या. दोघांनी न बघता एकेक काढायचं. दोन्ही लाल आली तर मूल आजारी. मग टोपणं परत मुठीत ठेवायची आणि पुन्हा काढायची. तीन वेळा काढलं. बायको झालेली मुलगी नाटक विसरली. म्हणाली, 'मतलब दूसरे को भी हो सकता है? पहले को होने के बाद भी?' मी म्हटलं, हो. तेवढंच, जेवढं पहिल्याला होतं.

परीक्षक घड्याळ बघून म्हणाला, 'मैडम, एक लाइन बाकी है. वो बोल दीजिए.' चांगला मुलगा होता. त्याला मला पास करायचं होतं. टॅबलेट माझ्याकडे वळवला. ओळ होती: 'चार बच्चों में से एक बीमार होगा.' सक्तीचा मुद्दा. तो चुकला तर बाकीचे गुण धरत नाहीत.

मी ती ओळ बोलले नाही.

बाहेर आल्यावर त्याला विचारलं, ही ओळ कुठून घेतली. त्याने यादीच्या खाली दाखवलं. तुम्ही लिहिलेली सिकलसेलची पुस्तिका, पान अकरा.

ताई, पान अकरावर चार चिंचोक्यांचं चित्र आहे. तीन पांढरे, एक काळा. ते मीच मांडायची, २००५ साली, मला तेवढंच कळत होतं तेव्हा. तुम्ही पडवीत येऊन विचारलंत, 'माया, तू बायांना कसं समजावतेस?' मी टेबलावर मांडून दाखवलं. तुम्ही लिहून घेतलंत.

मग भनपुरीची शांता. तिचा पहिला मुलगा आजारी होता. मी तिला चार चिंचोके मांडून दाखवले होते. तिने मोजलं: एक झाला, आता तीन चांगले. दुसरी मुलगी झाली, तीही आजारी. दीड वर्षाची असताना निदान झालं. शांता आपल्याकडे आली होती, ओट्यावर उभी राहिली. भांडली नाही. म्हणाली, 'गिने मा भूल होगे का, दीदी?'

मोजण्यात चूक झाली का, एवढंच तिने विचारलं.

त्यानंतर मी चार चिंचोके मांडणं सोडलं. दोन पिशव्या शिवल्या. ते सगळं मी तुम्हाला फेब्रुवारी २००९ मध्ये सांगितलं, पान बदलायला हवं म्हटलं. तुम्ही म्हणालात, तीन हजार प्रती छापून झाल्या आहेत, पुढच्या आवृत्तीत बघू.

आता मुद्द्याचं. अपील करता येतं. त्याला तज्ज्ञाचं पत्र लागतं. पुस्तिकेची लेखिका तज्ज्ञ धरली जाते. लिहा की पान अकरा चूक आहे आणि ते मी तुम्हाला सांगितलं होतं. मुदत १६ ऑक्टोबर.

माया


रायपूर
४ ऑक्टोबर २०१७

विमलाताई,

उत्तर नाही. शेखरदादांना फोन केला. पत्र मिळालं आहे म्हणाले, आई वाचते आणि ठेवून देते म्हणाले.

बारा दिवस उरले.

माया


नागपूर
७ ऑक्टोबर २०१७

चि. माया,
आशीर्वाद.

मी आजारी नव्हते. उत्तर जुळत नव्हतं.

फेब्रुवारी २००९ मला आठवत नाही असं मी प्रथम लिहिलं होतं. तो कागद फाडला. आठवतं. तू निळी साडी नेसली होतीस आणि उभी राहून बोललीस, बस म्हटलं तरी बसली नाहीस.

पुस्तिकेची मुद्रितं ह्यांनी, यशवंतरावांनी तपासली. दवाखान्यात, पलंगावर. पान अकरावर त्यांच्या हाताची शेवटची खूण आहे. 'चिंचोके' शब्दाला त्यांनी चौकट केली आणि कडेला 'छान' लिहिलं. पुढच्या महिन्यात ते गेले. ते पान चूक आहे असं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. पुढची आवृत्ती मी काढलीच नाही, ती त्यामुळे. पण जुनी लोक छापत राहिले. सरकारनेही छापली. मला आनंद झाला होता.

आता तू म्हणतेस तसं लिहायला माझी तयारी आहे. अडचण वेगळी आहे. तुझ्या रकान्यांच्या कागदावर 'कुणी पाहिलं' असं सदर आहे. माया, मी पाहिलेलं नाही. चौदा वर्षांत तू कुणाच्या घरात बसून बोलताना मी एकदाही तिथे नव्हते. उद्घाटनाला असायचे, शिबिराला असायचे. घरात तू जायचीस. तू काय करतेस ते मला तू सांगितल्यावर कळायचं, आणि मग मी ते माझं म्हणून सांगायचे.

तेव्हा असं कर. तू मसुदा लिहून पाठव, सगळे मुद्दे घालून. मी सही करते. आपण नेहमी करायचो तसं.

तुझी,
विमलाताई


रायपूर
१० ऑक्टोबर २०१७

विमलाताई,
जय भीम.

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवते आहे.

मसुदा पाठवणार नाही.

आपले सगळे अहवाल मी लिहिले, तुम्ही सह्या केल्या. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. पण हे पत्र माझ्याबद्दल आहे. मला काय येतं तेही मीच लिहायचं, आणि ते तुम्ही पाहिलं असंही मीच लिहायचं. मग नापासच बरी.

शनिवारी, १४ तारखेला, मी भनपुरीत एका घरी जाणार आहे. लहानू आणि विनोदिनी. भंडाऱ्याकडचे आहेत, तो ट्रान्सपोर्टमध्ये हमाली करतो. दोघे वाहक. पहिला मुलगा तीन वर्षांचा, आजारी. दुसरं हवं आहे. तुम्ही या. बसा. बघा. मग जे दिसेल ते लिहा. काही दिसलं नाही तर तसं लिहा.

दिवाळीची गर्दी आहे, गाडीत जागा बघून ठेवा. राहायला आमचं घर आहे. तुम्ही आमच्याकडे कधी राहिला नाहीत. दोन खोल्या आहेत, संडास कमोडचा नाही, गुडघ्याचं बघा.

माया


रायपूर
१५ ऑक्टोबर २०१७

प्रति,
अपील अधिकारी,
अनुभव परीक्षा केंद्र, नवा रायपूर

विषय: श्रीमती माया धर्मपाल रामटेके यांच्याबाबत तज्ज्ञाचे पत्र

महोदय,

मी विमला यशवंत देवपुजारी, वय ७४. आपल्या परीक्षेच्या यादीत आधार म्हणून दिलेल्या पुस्तिकेची मी लेखिका आहे. पत्र मराठीत लिहीत आहे, हिंदी भाषांतर जोडले आहे.

काल १४ ऑक्टोबर रोजी सकाळी अकरा ते पावणेएक मी श्रीमती रामटेके यांना भनपुरी येथे एका घरी काम करताना पाहिले. यापूर्वी मी त्यांना हे काम करताना पाहिलेले नाही, हे आरंभीच नमूद करते.

घरात नवरा, बायको, नवऱ्याची आई आणि आजारी मुलगा होता. मला खुर्ची दिली; कानाला यंत्र लावून मी ऐकत आणि टिपून घेत होते. श्रीमती रामटेके खाली बसल्या. पंधरा मिनिटे त्यांनी आजाराचा विषय काढला नाही. मुलाचे दुखणे कधी वाढते, तो पाणी किती पितो, हे विचारले. मला वाटले वेळ जात आहे. नंतर लक्षात आले की घरात मोजणी कोण करते हे त्या शोधत होत्या. मोजणी म्हातारी करत होती.

म्हातारी म्हणाली, 'काहून घाबरवून राहिली तू पोरीले? दवाखान्यात भितीवर लिवलं हाये. चारात एक. आमचा एक झाला. आता तीन आमचे.'

भिंतीवरचा तो कागद माझ्या पुस्तिकेतील पान अकरा आहे. मी नंतर दवाखान्यात जाऊन पाहिला.

श्रीमती रामटेके यांनी तिचे म्हणणे खोडले नाही. दोन कापडी पिशव्या काढल्या. प्रत्येकीत दोन चिंचोके, एक काळा, एक सोलून पांढरा केलेला. एक पिशवी बापाची, एक आईची. त्या त्यांनी नवरा-बायकोला दिल्या नाहीत. म्हातारीच्या हातात दिल्या. म्हणाल्या, 'आजी, नातू तुमी काढा.'

म्हातारीने काढले. एक काळा, एक पांढरा. मूल वाहक, पण आजारी नाही. श्रीमती रामटेके यांनी चिंचोके स्वतः उचलले नाहीत. 'तुमच्याच हातानं परत टाका,' म्हणाल्या. दुसऱ्यांदा दोन्ही पांढरे. म्हातारी हसली. तिसऱ्यांदा दोन्ही काळे. श्रीमती रामटेके यांनी लगेच समजावायला सुरुवात केली नाही. मी असते तर बोलले असते. म्हातारी म्हणाली, 'झाला एक. आता नाई येत.' चौथ्यांदा पुन्हा दोन्ही काळे आले. तिने पिशवी उलटी करून आत पाहिले.

श्रीमती रामटेके म्हणाल्या, 'पिशवीले मागचं आठवत नाई, आजी.'

म्हातारीने माझ्याकडे बोट करून विचारले, 'हे बाई कोन? कवाची नुसती लिवून राहिली.'

'ह्या पुस्तकवाल्या बाई. भितीवरचा कागद यायचाच हाये.'

'मंग यायले सांग ना बदलवाले.'

त्यानंतर सून प्रथमच बोलली. गरोदरपणात तपासणी होते का, असे तिने विचारले. ती कुठे होते, किती आठवड्यांत करावी लागते, हे श्रीमती रामटेके यांनी सांगितले. काय करावे हे सांगितले नाही. सुनेचा नवरा तेच विचारू लागला तेव्हा म्हणाल्या, 'ते तुमी दोघं ठरवा. मी ठरवलं तर मले उद्या शिव्या देसान.' सगळे हसले. नवऱ्याला कुणी दोष दिला नाही, सुनेलाही नाही. दोष हा शब्दच पावणेदोन तासांत कुणाच्या तोंडी आला नाही. तो येऊ न देणे हे कौशल्य आहे, असे माझे मत आहे.

आपल्या बावीस रकान्यांपैकी एकोणीस मी प्रत्यक्ष पाहिले, तेथे सही केली आहे. रक्ताची चाचणी पाहिली नाही, म्हणून ते तीन कोरे ठेवले आहेत.

पान अकरा चुकीचे आहे. 'चार मुलांतील एक आजारी' याचा अर्थ लोक मोजदाद असा घेतात. जोखीम प्रत्येक मुलाला नव्याने असते. ही चूक श्रीमती रामटेके यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये मला सांगितली होती. मी दुरुस्त केली नाही. ज्या ओळीसाठी आपण त्यांना नापास केले, ती ओळ न बोलणे हेच बरोबर उत्तर होते.

विमला यशवंत देवपुजारी


नागपूर
२ नोव्हेंबर २०१७

माया,

पत्र मी स्वतः खिडकीवर दिलं आणि पोच घेतली, ते तू पाहिलंस. काही कळलं का?

तुझ्या त्या पिशव्यांची एक जोडी चुकून माझ्या पर्समध्ये आली. परत पाठवते. त्याआधी मी घरी काढून बघितलं. पहिल्यांदा दोन्ही काळे. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा हात घालताना मला वाटलं, आता तरी. मी पुस्तक लिहिलेली बाई, आणि मला वाटलं, आता तरी.

सुधारलेलं पान अकरा छापून घेतलं आहे. वर तुझं नाव आहे. सहकार्य वगैरे काही नाही, फक्त नाव. वीस प्रती पाठवते. केंद्रालाही पाठवलं आहे.

विमलाताई


रायपूर
२० डिसेंबर २०१७

विमलाताई,
जय भीम.

निकाल काल आला. तोच उतरवते.

अपील अंशतः मान्य. सक्तीचा मुद्दा क्रमांक नऊ पुढील तुकडीपासून बदलण्यात येत आहे. तथापि उमेदवाराची परीक्षा तत्कालीन यादीनुसार झाली असल्याने गुणांत बदल करता येणार नाही. उमेदवार पुढील तुकडीत पुन्हा परीक्षा देऊ शकतात.

पुढची तुकडी मार्चमध्ये. मला पंचेचाळीस जानेवारीतच पूर्ण होतात.

मी नव्या रायपूरला गेले. खिडकीतल्या बाईला विचारलं, माझं उत्तर मार्चमध्ये बरोबर होणार, तर सप्टेंबरमध्ये चूक कसं होतं? ती म्हणाली, 'मैडम, सप्टेंबर में वो सही नहीं था.' तिने ते चेष्टेने म्हटलं नाही. वय वाढवून मिळेल का विचारलं. त्याचं अपील सरकारी दवाखान्याकडे करायचं, केंद्राकडे नाही. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, प्रमाणपत्र असेल तर अर्ज घेऊ.

परत निघाले तेव्हा तो परीक्षक मुलगा मागून पळत आला. जानेवारीत सगळ्या परीक्षकांना नवीन मुद्दा शिकवायचा आहे. दोन पिशव्यांचं कसं करायचं ते कुणालाच येत नाही. 'मैडम, आप एक दिन आ जाइए.'

मी विचारलं, शिकवल्याचा कागद देणार का?

त्याने आत जाऊन विचारलं. प्रशिक्षकाचा कागद द्यायला आधी प्रमाणपत्र लागतं. म्हणाला, 'मैडम, शॉल से सम्मान करेंगे.'

मी त्याला सांगितलं की एक शाल घरी आहे.

जाईन की नाही ते ठरलेलं नाही. साक्षी जाऊ नको म्हणते. धर्मपाल म्हणतो, तू नाही गेली तर ते पुन्हा चार चिंचोके मांडतील. दोघांचं बरोबर आहे आणि मला दोघांचाही राग येतो.

तुमच्या वीस प्रती आल्या. आमच्या दवाखान्याच्या भिंतीवरचा जुना कागद मी काढला आणि नवा लावला. कुणी विचारलं नाही. आयाला भिंतीशी काय करते असं कुणी विचारत नाही.

एक प्रत घेऊन शांताकडे गेले. मुलगा तेरा वर्षांचा आहे. मुलगी गेली, पाच वर्षं झाली. हे मी तुम्हाला कधी कळवलं नव्हतं. शांताला वाचता येत नाही. काय लिहिलं आहे, तिने विचारलं. मी सांगितलं, जुन्या पानावर चूक होती असं लिहिलं आहे. पुस्तकात चूक होती. तुझ्या मोजण्यात नव्हती.

तिने कागदावर बोट टेकवलं. मग म्हणाली, 'तो मैं सही गिने रहेंव.'

मी हो म्हटलं. तू बरोबर मोजलं होतंस.

तिने माझ्याकडून कागद घेतला, घडी घातली आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवला. नवऱ्याला, सासूला संध्याकाळी ती तो ऐकवणार होती. वाचायला शेजारच्या पोरीला बोलावणार होती.

केंद्राचा निकालाचा कागद अजून माझ्या पर्समध्येच आहे. कुणाकडून वाचून घ्यावा असं काही त्यात नाही.

माया